कधी न भेटलेल्या मैत्रिणींना मनातलं का सांगावंसं वाटतं?

प्रश्न : गच्चीवरच्या बागेची आवड असणाऱ्या आम्ही सहा-सात जणी व्हॉट्सॲपवर रोज बोलतो. सुरुवात झाली जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणापासून. आता सासूबाईंचा गुडघा, कामवाल्या मावशींची दांडी, मुलाचा बारावीचा अभ्यास, नळाला न आलेलं पाणी, सगळं तिथे येतं. एकमेकींना आम्ही कधी भेटलेलो नाही. तिथे सांगितलं की मला खरंच हलकं वाटतं. पण मुलगी म्हणते, “आई, ज्यांना पाहिलंही नाहीस त्यांच्यावर एवढा विश्वास कसा टाकतेस?” आणि हे म्हणतात, “आम्ही घरात आहोत की! आम्हाला सांग.” जवळच्यांना सोडून लांबच्यांना सांगावंसं का वाटतं? हलकं वाटतं ते खरं की भास? आणि ही मैत्री खरी म्हणायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. लांबच्या माणसाला सांगणं सोपं का जातं, हा पहिला. सांगून झाल्यावर मनाचं नेमकं काय होतं, हा दुसरा. आणि अशा मैत्रीवर किती विसंबावं, हा तिसरा. तुमचे यजमान पहिल्याबद्दल बोलतात, मुलगी तिसऱ्याबद्दल, आणि तुम्ही उत्तर देता ते दुसऱ्याचं. त्यामुळे तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असून बोलणं जुळत नाही. आपण एकेक प्रश्न सुटा करून पाहू.

परक्याला सांगणं सोपं का जातं?

आधी एक गैरसमज दूर करू. घरातलं सुखदुःख घराबाहेर सांगण्याची सवय मोबाइलने लावली, असं पुष्कळांना वाटतं. ती सवय फार जुनी आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, मुलाचं आजारपण, लांबलेला पाऊस हे सगळं ओव्यांत गायलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक ओव्या थेट जात्यालाच उद्देशून आहेत. जात्याला सांगितलेलं सासूच्या कानावर जात नाही, हा त्यातला मोठा दिलासा होता. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले हे उत्तमच झालं. पण त्याबरोबर मनातलं बोलण्याची ठरलेली वेळ आणि ठरलेली जागाही गेली. बोलण्याची गरज मात्र राहिली.

माणसं परक्याजवळ मोकळी होतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली नोंदवून ठेवलं आहे. जवळच्यांपासून काळजीपूर्वक लपवलेली गोष्ट माणूस बाहेरून आलेल्या अनोळखी व्यक्तीला सांगून टाकतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. लांबच्या रेल्वेप्रवासात समोरच्या बर्थवरच्या बाईंनी सुनेची सगळी कहाणी आपल्याला ऐकवलेली असते आणि स्टेशन आल्यावर त्या उतरून गेलेल्या असतात. हा अनुभव बहुतेकांना आहे.

याचं कारण सांगण्याच्या परिणामांत आहे. समजा, सासूबाईंच्या दुखण्यामुळे तुमची झोप मोडते, असं तुम्ही यजमानांना सांगितलं. हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचता पोचता बदलतं. त्यांना त्यात आईबद्दलची तक्रार ऐकू येते, किंवा आपण हातभार लावत नाही असा ठपका ऐकू येतो. मग ते आईची बाजू मांडतात, नाहीतर लगेच तोडगा सुचवतात. दोन्हींत तुमचं दमणं बाजूलाच राहतं. यात त्यांचा दोष नाही. ज्या घटनेबद्दल तुम्ही बोलता, त्या घटनेत ते स्वतःच आहेत. नागपूरच्या किंवा नाशिकच्या मैत्रिणीला मात्र ना कोणाची बाजू घ्यायची असते, ना स्वतःचा बचाव करायचा असतो. तिला त्या वाक्यातून एवढंच कळतं, की तुम्ही दमला आहात. तुम्हाला त्या क्षणी तेवढंच कळायला हवं असतं.

दुसरं कारण परतफेडीचं. झिक रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बॉस्टनच्या विमानतळावर ताटकळणाऱ्या प्रवाशांकडून त्यांनी हस्ताक्षराच्या नमुन्याच्या निमित्ताने स्वतःबद्दल चार ओळी लिहून घेतल्या. त्याआधी प्रयोग करणारा स्वतःबद्दल काहीतरी लिहून दाखवत असे. त्याने जितकं खासगी लिहावं, तितकं प्रवासीही खासगी लिहीत, असं दिसून आलं. तुमच्या बागेच्या गप्पांतही असंच काही झालं असणार. एकीने ओघात लिहिलं असेल, “दोन दिवस झाडांना पाणी घातलं नाही, बाबा दवाखान्यात आहेत.” त्यावर दुसरीने आपल्या घरातलं काही लिहिलं असेल. विश्वास असाच, एकेका वाक्याच्या देवाणघेवाणीतून वाढतो.

तिसरं कारण लिहिण्यात आहे. समोर चेहरा नसला की समोरच्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही, मधेच कोणी तोडत नाही, आणि पाठवण्याआधी वाक्य पुन्हा वाचता येतं. जॉन सुलर यांनी २००४ साली यावर सविस्तर लिहिलं. पडद्याआड माणसाचा संकोच गळून पडतो. त्यामुळे कोणी एरवी बोलला नसता असं मनातलं बोलतो, आणि कोणी एरवी दिल्या नसत्या अशा शिव्याही देतो. कारण एकच आहे, परिणाम मात्र दोन टोकांचे आहेत.

लिहून झालेली मैत्री उथळ असते, हाही एक गैरसमज आहे. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी माणसांत फारसे मिसळत नसत. पण त्यांनी मित्रमंडळींना लिहिलेल्या पत्रांचे खंड निघाले. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी त्यांची जी मैत्री झाली, ती मुख्यतः पत्रांतूनच वाढली. अशा मैत्रीतला एक धोकाही लक्षात ठेवायला हवा. जोसेफ वॉल्थर या संज्ञापनाच्या अभ्यासकांनी १९९६ साली तो मांडला. लिहिणारा आपली चांगली बाजू निवडून पुढे ठेवतो आणि वाचणारा उरलेल्या जागा आपल्या कल्पनेने, बहुधा चांगल्याच रंगांनी, भरतो. म्हणून न पाहिलेली मैत्रीण शेजारणीपेक्षा समजूतदार वाटू शकते. ती समजूतदार असेलही. पण शेजारीण तुम्हाला सकाळी सहा वाजता, चहाच्या आधी, भेटते हा फरक तुलना करताना धरावा.

हलकं वाटतं ते खरं की भास?

हलकं वाटतं हे खरं. पण हलकं वाटणं आणि दुःख कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

भावनेला नाव दिल्याने काय होतं, ते पाहू. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या स्कॅनमधून हे तपासलं. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितल्यावर मेंदूतल्या अमिग्डला या भागाची, म्हणजे धोक्याची चाहूल लागताच चेतणाऱ्या भागाची, हालचाल मंदावली. त्याच चेहऱ्यासाठी माणसाचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे “आज माझी चिडचिड झाली, आणि खरं तर मला भीती वाटते आहे” असं लिहिताना तुम्ही नुसती बातमी देत नसता. मनातल्या धुसर अस्वस्थतेला शब्द मिळतो आणि तिचा जोर थोडा उतरतो.

लिहिण्याचा उपयोग दाखवणारा आणखी जुना प्रयोग जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा, १९८६ सालचा. विद्यार्थ्यांना चार दिवस ओळीने, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. गंमत अशी, की लिहून उठल्यावर लगेच ते जास्त उदास होते. फायदा मागून आला. पुढच्या अभ्यासांत पेनबेकर यांना आढळलं, की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येतं’ असे कारण शोधणारे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. त्याच त्या प्रसंगाचं त्याच शब्दांत वर्णन करत राहणाऱ्यांना तेवढा झाला नाही.

इथे सगळ्यात पसरलेला गैरसमज येतो. मन म्हणजे प्रेशर कुकर, शिटी झाली की दाब गेला, असं आपण धरून चालतो. पण शिटीने वाफ जाते, खालचा गॅस चालूच राहतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आधी विद्यार्थ्यांना मुद्दाम राग आणला. मग काहींना राग आणणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणून मुष्टियोद्ध्यांच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना नुसतं स्वस्थ बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. स्वस्थ बसलेल्यांचा त्यामानाने कमी राहिला. राग बाहेर काढत असताना ते रागाचीच उजळणी करत होते.

बेल्जियमचे बर्नार रिमे यांनी कित्येक वर्षं याच विषयावर काम केलं. माणसं भावना हलवून सोडणारे बहुतेक सगळे प्रसंग कोणाला ना कोणाला सांगतात, आणि पुष्कळदा त्याच दिवशी सांगतात, असं त्यांना आढळलं. सांगितल्याचा उपयोग झाला, असं सांगणारे आवर्जून म्हणतात. पण प्रत्यक्षात मोजलं, तर नुसतं सांगितल्याने त्या आठवणीचा त्रास कमी होतोच असं दिसत नाही. मग उपयोग कशाचा होतो? ऐकणाऱ्याच्या आपुलकीने एकटेपण कमी होतं आणि नातं घट्ट होतं. त्रास उतरायला मात्र त्या प्रसंगाकडे बघण्याची एखादी वेगळी बाजू दिसावी लागते. तुम्हाला जे हलकं वाटतं, तो एकटेपण कमी झाल्याचा दिलासा आहे. तो भास मुळीच नाही. पण तिथेच थांबलं, तर उद्या तोच त्रास त्याच वजनाने परत येतो.

यातूनच एक सावधगिरी निघते. अमँडा रोझ यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करताना एक गोष्ट दाखवली. काही जिवलग मैत्रिणी एकच दुःख पुन्हापुन्हा उगाळतात. तो तसं का बोलला, त्याचा अर्थ काय असेल, पुढे काय काय वाईट होईल, याचीच चर्चा चालते. अशा बोलण्याने मैत्री जास्त जवळची होते, आणि त्याच वेळी उदासी आणि काळजीही वाढते. मैत्री सुखाची वाटत असल्यामुळे नुकसान लक्षात येत नाही. तुमच्या गप्पांत तीन आठवडे एकच तक्रार, तेच शब्द आणि तीच “अगदी बरोबर आहे तुझं” ही उत्तरं येत असतील, तर जराशी वाट बदलायची वेळ आली, असं समजावं.

मग उत्तर कसं द्यावं?

आता प्रश्न सांगणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे येतो. मुख्य भिस्त तिच्यावरच आहे.

मदतीच्या उत्साहात आपण तीन प्रकारांनी चुकतो. पहिला, दुःख लहान करणं : “अगं त्यात काय एवढं, सगळ्यांच्याच घरी असतं.” दुसरा, आपलं दुःख त्यावर ठेवणं : “तुझं काहीच नाही, माझ्या सासूबाई तर…” तिसरा, न मागितलेल्या सल्ल्यांची रीघ : गुडघ्याला अमुक तेल, तमुक डॉक्टर, सकाळी मेथीचं पाणी. तिन्हींमागे प्रेमच असतं. पण सांगणारीला ते ‘मला ऐकून घ्यायला वेळ नाही’ असं ऐकू येतं.

यापेक्षा क्रम पाळला, तर काम सोपं होतं. आधी ऐकलं आहे हे कळू द्यावं : “चार रात्री झोप नाही म्हणजे दमणारच.” मग विचारावं : “काही सुचवू, की नुसतं ऐकू?” या एका प्रश्नाने निम्मे गैरसमज टळतात. आणि तिसऱ्या पायरीवर, घाई न करता, दुसरी बाजू पुढे ठेवावी : “सासूबाई रात्रीच हाका मारतात, दिवसा नाही. त्यांना दुखण्यापेक्षा अंधारात एकटं वाटण्याचा त्रास जास्त होत असेल का?” आता तीच घटना वेगळी दिसते. कदाचित खोलीत छोटा दिवा ठेवणं हा उपाय निघेल, कदाचित निघणारही नाही. पण राग थोडा कमी होईल. समोरची रडत असताना मात्र तिसरी पायरी पहिली करू नये. आपुलकी आधी आणि विचार मागून, हा क्रम उलटला की चांगलं बोलणंही टोचतं.

एक नाजूक गोष्टही सांगतो. मदत मिळते आहे याची जाणीव कधी कधी माणसाला खुपते. नियाल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या सनदेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास केला. दोघेही रोज नोंदी ठेवत. जोडीदाराने आधार दिला, पण परीक्षार्थीला तो आधार म्हणून जाणवला नाही, अशा दिवसांत परीक्षार्थीची उदासी कमी राहिली. आधार ठळकपणे जाणवला, की ‘मला जमत नाहीये’ ही भावनाही सोबत येते. म्हणून मैत्रिणीला “तू खचली आहेस, आम्ही आहोत” असं सारखं सांगण्यापेक्षा, “आज कढीपत्त्याचा फोटो पाठव ना, फुटला का?” असं विचारणंही आधारच असतं.

ही मैत्री खरी म्हणायची का?

‘इंटरनेटमुळे माणसं एकटी पडतात’ हे वाक्य तुमच्या मुलीनेही ऐकलं असेल. त्यामागे एक खरा अभ्यास आहे. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या ७३ घरांना संगणक आणि इंटरनेट देऊन १९९८ साली निष्कर्ष काढला, की जास्त वापर करणाऱ्यांचं एकटेपण किंचित वाढलं. तो निष्कर्ष जगभर गाजला. पण त्याच अभ्यासकांनी २००२ साली पुन्हा पाहिलं, तेव्हा ते दुष्परिणाम बहुतेक विरले होते. ही दुरुस्ती मात्र तेवढी गाजली नाही. नव्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना आधीपासून माणसांचा आधार होता, त्यांना इंटरनेटचा फायदा जास्त झाला. म्हणजे लांबची मैत्री जवळच्या माणसांच्या जोडीला असली की बळ देते. त्यांच्या जागी ती आली, की तिचा फायदा कमी होत जातो.

लांबच्या मैत्रीचे काही गुण तर जवळच्या मैत्रीत मिळणं कठीण असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं, की नवी माहिती बहुधा पातळ ओळखींतून येते. कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. शिवाय वेळेचा फरक कामी येतो. सांगलीत रात्रीचे दोन वाजलेले असताना न्यू जर्सीतल्या मराठी मैत्रिणीकडे दुपार असते. आजारी माणसाच्या उशाशी जागणारीला त्या वेळी उत्तर देणारं कोणीतरी जागं असतं. याची किंमत ज्याने अशी रात्र काढली आहे त्यालाच कळेल.

सर्वांत मोठा गुण, सारखं दुःख असलेली माणसं सापडण्याचा. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल आणि बॉब ही दोन दारूच्या विळख्यातली माणसं एकमेकांशी बोलली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही, व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्याने आलेल्यांना हात देतात. जो त्यातून गेला आहे त्याला लांबण लावून समजावावं लागत नाही. मूल ऐकू न येणारं असेल, घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर आपल्या गल्लीत तसं दुसरं घर असेलच असं नाही. फोनवर मात्र ते सापडतं, आणि ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आलं’ ही बोच कमी होते.

आणि ऐकून घेणारीचा फक्त वेळच जातो असंही नाही. स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या वृद्ध जोडप्यांची पाच वर्षांची माहिती तपासली. इतरांना आधार देणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं; आधार नुसता घेणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. मैत्री खरी आहे का, याची माझी कसोटीही इथेच आहे. तुम्ही सांगता तसं ऐकताही का? तुमच्या अडचणीची आठवण ठेवून चार दिवसांनी कोणी विचारतं का? उत्तर हो असेल, तर भेट झाली नाही म्हणून मैत्री खोटी ठरत नाही.

मुलीची शंका कुठे रास्त आहे?

तरी मुलीचं म्हणणं उडवून लावू नका. काय सांगावं याला एक साधी सीमा आहे. आपला त्रास आपला असतो; दुसऱ्याचं गुपित आपलं नसतं. “मुलाच्या परीक्षेची मला धास्ती वाटते” हे तुमचं आहे. त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट, त्याची गुणपत्रिका, सासूबाईंचे रिपोर्ट हे त्यांचं आहे. ते त्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

दुसरं, व्हॉट्सॲपवर सगळं सुरक्षित असतं, हा समज अर्धाच खरा आहे. २०१६पासून तिथले संदेश सांकेतिक रूपात जातात. त्यामुळे वाटेत कोणी ते वाचू शकत नाही, कंपनीही नाही. पण ज्यांच्यापर्यंत ते पोचतात, त्यांच्यापैकी कोणीही त्याचा स्क्रीनशॉट घेऊ शकतं किंवा पुढे पाठवू शकतं. आपोआप पुसले जाणारे संदेशही याला अपवाद नाहीत. तुमची गोष्ट गुप्त राहते ती मैत्रिणींच्या सचोटीमुळे. म्हणून इथलं बाहेर न्यायचं नाही, हे एकदा उघडपणे बोलून ठरवून घ्या. घरातल्या कोणी वाचलं तर ओशाळं व्हावं लागेल, असं वाक्य लिहिण्याआधी थोडं थांबा.

तिसरं, पैसे. न पाहिलेली व्यक्ती अचानक, घाईघाईने पैसे मागू लागली, तर आधी तिच्याशी प्रत्यक्ष फोनवर किंवा व्हिडिओवर बोला. कधी मैत्रीण खरी असते, पण तिचं खातं दुसऱ्याच्या हाती गेलेलं असतं. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावं. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

यजमानांसाठीही एक उत्तर आहे. त्यांना वाटतं की तुम्ही त्यांना वगळता. त्यांना इतकंच सांगा : “आज मला उपाय नको आहे, दहा मिनिटं फक्त ऐका.” काय हवं ते आधी सांगितलं, की पुष्कळ नवरे उत्तम ऐकतात, न सांगता ओळखण्याची अपेक्षा ठेवली, की अडतं. मैत्रिणींशी बोलून तुमचा राग शांत झाला असेल, तर तीच गोष्ट घरात नीट मांडायला सोपी जाते. लांबच्या मैत्रीचा घराला मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

मैत्री पुरत नाही तेव्हा

रोजच्या कटकटींसाठी मैत्रीण पुरते. पण दोन आठवडे झोप आणि भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असल्याचं कोणी लिहिलं, तर सहानुभूतीचे संदेश पुरेसे नसतात. तिथे जाणकाराची मदत लागते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. “मरण्याचा विचार येतो का?” असं थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. प्रेमाने, स्पष्ट विचारलं, तर समोरच्याला बोलायला वाट मिळते. तो गट आहे म्हणून कोणीतरी दुसरी विचारेल, असं मात्र धरून बसू नका. प्रत्येकीने तसं धरलं, तर कोणीच विचारत नाही. तिला वेगळा, एकटीला फोन करावा.

अशा वेळी लांबच्या मैत्रीची एक खरी उणीव समोर येते. मैत्रीण संकटात आहे हे कळतं, पण तिचं घर कुठे आहे, तिच्याजवळ कोण आहे, हेच माहीत नसतं. यावर उपाय सोपा आहे आणि तो आजच करता येण्यासारखा आहे. ज्या एक-दोघींवर तुमचा पूर्ण विश्वास बसला आहे, त्यांच्याशी घरातल्या एका माणसाचा नंबर अदलाबदल करून ठेवा. त्यांचा तुमच्याकडे, तुमच्या मुलीचा किंवा यजमानांचा त्यांच्याकडे. तसं करण्याआधी मुलीची त्या मैत्रिणीशी एकदा व्हिडिओवर ओळख करून द्या. तिची शंका बरीचशी तिथेच मिटेल, आणि वेळ पडली तर लांबच्या मैत्रिणीची काळजी जवळच्या माणसाच्या हातापर्यंत पोचेल.